बाटली तुमच्या हातात होती

सर, आज शनिवार. तुम्ही गेल्यानंतरचा पहिला. सकाळचे तास कसेबसे झाले, दुपारी कॉलेज रिकामं झालं, आणि मी लॅबला कुलूप लावायला म्हणून वर आले तर आत बाटल्यांचा खळखळाट चाललेला. दुसऱ्या वर्षाची पोरं बेसिनपाशी उभी, बाह्या वर सरकवलेल्या, एकजण ब्रश घालून बाटलीचा तळ घासतोय. मी म्हटलं, "अरे, आज कोणी बोलावलं तुम्हाला?" तर एक मुलगी मान वर न करता म्हणते, "मॅडम, शनिवार आहे ना." मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी उभी राहिले. रडायचं होतं ते नळाच्या आवाजात उरकून घेतलं. तुम्हाला रडारड आवडायची नाही, तेव्हा हे तुम्हाला कळलंच नाही असं समजा.

तुमची ती पहिली नोटीस आठवते का? आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. फळ्यावर तुमच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: 'ज्यांना शनिवारी दुपारी बाटल्या धुवायच्या असतील त्यांनी लॅबमध्ये यावे. मुकादम.' आख्खं कॉलेज हसलं. फुकटचे हमाल हवेत मुकादमांना, असं स्टाफरूममध्येही बोललं गेलं, तेही तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने. पहिल्या शनिवारी गंमत बघायला अर्धा वर्ग आला, दुसऱ्या शनिवारी मूठभर, आणि पुढे उरलो मी आणि मिरजोळ्याचा दिलीप. दिलीप कशासाठी थांबला होता ते मला तेव्हाही माहीत होतं, पण ते आता त्याच्या बायकोला कळायला नको.

मी मात्र चिडून थांबले होते. हे संशोधन म्हणतात ते असतं तरी काय, हे बघितल्याशिवाय मी हलणार नव्हते. शेवटी एकदा तोंड उघडलंच. "सर, बाटल्या पुरे झाल्या. संशोधन कधी सुरू होणार?" तुम्ही माझ्या हातातली बाटली घेतलीत, उजेडात धरलीत, नाकाशी नेलीत आणि परत माझ्या हातात दिलीत. "हेच चाललंय, रंजना. हिच्यात साबण राहिलाय. साबणाने जंतू मरणार, जंतू दिसला नाही की आपण म्हणणार पाणी स्वच्छ. जंतू खोटं बोलत नाही. खोटेपणा काय होतो तो आपण त्याला विचारताना होतो." मला इतका राग आला की ती बाटली मी पुन्हा पुन्हा धुतली. तुम्ही चहा पीत बसलात.

कॉलेजमध्ये तुम्हाला सगळे सांगायचे, अहो, बी.एस्सी.च्या पोरांना कसलं संशोधन, आधी पास तर होऊ देत. तुम्ही म्हणायचात, "पास व्हायला पुस्तक आहे की. त्याच्यासाठी मी कशाला?" काय होतं हो तेव्हा लॅबमध्ये? लाकडी कपाटात बल्ब लावून केलेला इन्क्युबेटर, भाभींनी तुमच्या स्वयंपाकघरातून बाद केलेला मोठा कुकर, आणि लाईट गेली की कपाटातली ऊब जाऊ नये म्हणून त्याच्यावर घालायला तुमच्या घरची गोधडी. तुमचे सगळे भाऊ कुवेतला. सुट्टीत यायचे तेव्हा अत्तराचा वास आणि टेपरेकॉर्डर घेऊन यायचे आणि तुम्हाला म्हणायचे, चल तिकडे, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लावून देतो. तुम्ही म्हणायचात, तिकडच्या वाळूत माझा जंतू मिळायचा नाही. भाभी हे सांगताना कपाळाला हात लावायच्या, पण हसायच्याही.

तुमचा प्रश्न तसा साधा होता. पाऊस ओसरला की खाडीकाठच्या कुठल्या ना कुठल्या वाडीत जुलाब-उलट्या सुरू होतात, कधी साधे, कधी पटकी, म्हणजे कॉलराच. मग थांबतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मधले इतके महिने तो जंतू असतो कुठे? "गावी जातो का पाव्हण्यासारखा?" असं तुम्ही विचारायचात. म्हणून खाडीचं पाणी, तिसऱ्या-कालवं असली शिंपली आणि काठावरच्या विहिरी, सगळीकडचे नमुने घ्यायचे ठरलं. विहिरीचा नमुना घ्यायची रीत तुम्ही आमच्याकडून घोटून घेतली होती. उकळून निर्जंतुक केलेली बाटली, तिला दगडाचं वजन, तिचा स्वतःचा दोर, ती थेट विहिरीत सोडायची, वर येताच बूच. मधे दुसरं कसलंही भांडं नाही.

आणि मग तुम्ही आमच्या वाडीत आलात. आमची वाडी म्हणजे खाडीकडेची पाचपन्नास घरं आणि सगळ्यांत मिळून एक विहीर. बाप्ये होडीवर, बायका मासळीची पाटी घेऊन रत्नागिरीच्या बाजारात. माझी आई त्यातलीच एक. कॉलेजचे सर आपल्या दारी येणार म्हणून तिने दोन दिवस आधी अंगण सारवलं होतं. मी बर्फाचा डबा सांभाळत पाखाडीच्या पायऱ्यांवर मागे राहिले. खाली पोचले तोवर बाटली भरून बूच लागलेलं आणि तुम्ही आमच्या ओटीवर चहा पीत बसलेले. तुम्ही गेल्यावर आई मोठ्या ऐटीत म्हणाली, "सरांना दोराला हात लावू दिला नाय. पाव्हन्यानं पानी काडायचं नाय आमच्यात, सांगितलं सरळ. मीच काडून दिलं." मी हसले. आईने सरांचा मान ठेवला, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

दोन दिवसांनी जंतू वाढवायच्या हिरव्या प्लेटवर पिवळे ठिपके उठले. भरगच्च. आमच्या विहिरीच्या प्लेटवर. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. पटकीचा जंतू असाच पिवळा उठतो, त्याचे निरुपद्रवी भाऊबंदही असेच उठतात, आणि कोणता कोण हे ठरवायला आणखी दिवस लागतात. तेवढं थांबायला तुम्ही तयार नव्हता. वाडीत लहान पोरं होती. तुम्ही त्याच दुपारी आरोग्य केंद्रात जाऊन सांगून आलात की विहिरीत औषधाची पावडर टाका, पाणी उकळून प्यायला सांगा. आजही मी म्हणेन, बरोबरच केलंत.

पावडर यायला आठवडा लागला. बातमीला तेवढा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात एकच बोलणं, त्या वाडीत पटकी आहे, त्यांची मासळी घेऊ नका. वाडीत एक माणूस आजारी नव्हतं हो! पण ऐकतो कोण? बायका उन्हात बसून राहिल्या, मासळीला माश्या लागल्या, आणि संध्याकाळी आई ओटीवर पाटी आपटून म्हणाली, "भरल्या पाटीनं गेलो नि भरल्या पाटीनं आलो. तुज्या कॉलेजच्या जंतूनं वाडी घरी बसवली, गो." शेजारच्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आमच्या वाडीचं पोट बाजारावर. बाजार बंद म्हणजे चूल बंद, आणि ती बंद पडली तर मी शिकलेल्या विद्येमुळे.

त्या रविवारी आई बाजारात गेलीच नाही. ओहोटीला खाडीत उतरून घरापुरत्या तिसऱ्या काढून आणल्या. विहिरीवर बसली, पोहऱ्यात तिसऱ्या घातल्या, खळखळ धुतल्या, धुवण बाजूच्या माडाला घातलं आणि तोच पोहरा पुन्हा विहिरीत सोडला. आमच्याकडे सगळ्याच बायका असंच करायच्या, त्यात नवल काहीच नव्हतं. मी पायरीवर बसून बघत होते, आणि एकदम उठून उभी राहिले. मीच काढून दिलं, असं आई म्हणाली होती. काढून म्हणजे ह्याच पोहऱ्याने.

सोमवारी तुमच्यासमोर उभी राहिले. शेवटच्या वर्षाची मुलगी, मासळीवालीची पोर, आणि तुम्हाला सांगणार की सर, तुमचा नमुना चुकला. मी चाचरत सगळं सांगितलं. तुम्ही समोरची वही मिटलीत. मग म्हणालात, "आई पोहऱ्यातनं बाटलीत ओतत होत्या तेव्हाच मला कळत होतं, हे रीतीला सोडून आहे. पण काय आहे, रंजना, कितीतरी विहिरींवर माझा धर्म कळल्यावर मला लांब उभं करून वरनं पाणी ओतलेलं आहे. तुझी आई हसत ओतत होती, घरच्या माणसाला द्यावं तसं. मला नको म्हणवेना." आणि लगेच खुर्ची सरकवून उठलात. "पण हे झालं तुझं म्हणणं. आता दाखव."

सर, प्लेटवरच्या त्या हिरव्या मीडियमची पावडर मुंबईहून यायची आणि बाटलीत तळाला थोडी उरली होती. ती तुम्ही तुमच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवली होती, वर्षभर जिच्यासाठी धडपडलात त्या कामासाठी. ती बाटली तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत. वर लॅबची किल्ली. "हे कुकरमध्ये घालू नकोस, नुसतं उकळायचं असतं," एवढं बजावलंत आणि वर्गावर निघून गेलात. दुसरीकडे एम.एस्सी.ची पोरंसुद्धा ज्या बाटलीला हात लावू शकली नसती, ती मला दिलीत, आणि तीही कशासाठी, तर तुमची चूक सिद्ध करण्यासाठी! त्यानंतर मी मोठमोठ्या लॅब पाहिल्या, नावाजलेले लोक पाहिले. असा माणूस पाहिला नाही.

मी वाडीत गेले, आई दुपारची पडली होती तेव्हा पोहरा आतून कापसाच्या बोळ्याने पुसून घेतला, आणि विहिरीत बाटली सोडून रीतीने नमुने घेतले, सकाळचे, दुपारचे, चारी बाजूंचे. विहिरीत औषधाची पावडर अजून पडायची होती, तेवढं एक नशीब. प्लेटा बाहेर काढल्या त्या दिवशी दिलीपसुद्धा टेबलापाशी येऊन उभा होता. विहिरीच्या प्लेटा कोऱ्या. पोहऱ्याची प्लेट पिवळीधमक. तिसऱ्यांतला जंतू पोहऱ्याला चिकटलेला. एवढ्या मोठ्या विहिरीत तो विरून जात होता, पण तुमच्या बाटलीत सगळं पोहऱ्याचं धुवण आलं होतं. पुढे तपासून तो पटकीचा नाही, त्याचा भाऊबंद निघाला. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "चल."

कुठे, ते मला बाजारात पोचल्यावर कळलं. मासळी बाजार ऐन भरात, तुम्ही बुशशर्ट घातलेले, हातात छत्री, आणि आमच्या वाडीच्या बायका जिथे तोंड पाडून बसलेल्या तिथे जाऊन तुम्ही उभे राहिलात. वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जावं म्हणून लावायचात तो आवाज लावलात. "ऐका हो! मी मुकादम. कॉलेजात जंतू शिकवतो. ह्यांच्या विहिरीत खराबी आहे असं मी सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. नमुना मी चुकीचा घेतला. विहीर चांगली आहे, मासळी चांगली आहे. चूक माझी आहे, ह्या बायांची नाही." मग पलीकडून एक जण खणखणीत आवाजात म्हणाली, "मास्तर, मंग आदी कशाला बोललाव?" तुम्ही म्हणालात, "म्हणून तर परत आलो, मावशी." लोक हसले, आणि त्या हसण्याबरोबर काहीतरी सैल झालं. तुम्ही आईच्या पाटीवर वाकून बांगडे मागितलेत. भाव न करता घेतलेत म्हणून आईने तुम्हाला भर बाजारात झापलं. "शिकलेलं मानूस, नि भाव करता येत नाय?" त्यानंतर तुम्ही रोज तिच्याकडूनच मासळी नेलीत, सगळ्यांना दिसेल अशी पिशवी हातात धरून. भाभी सांगायच्या, कितीतरी दिवस आमच्याकडे बांगड्याशिवाय काही शिजलंच नाही. वाडीच्या पाट्या हळूहळू रिकाम्या होऊन घरी यायला लागल्या.

इथपर्यंत आपलं भांडण नव्हतं. भांडण सुरू झालं ते मुंबईला, विद्यार्थ्यांच्या परिषदेत. तुम्ही मला उभं केलंत, नाव माझं पहिलं घातलंत, आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसलात. मी सगळं सांगितलं, अगदी पहिला नमुना चुकल्याचंही, कारण ते गाळायचं नाही असा तुमचा दम होता. तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मोठ्या माणसाने विचारलं, "पहिला नमुना घेतला कोणी?" मागून खुर्ची वाजली. तुम्ही उभे राहून म्हणालात, "मी." आणि खाली बसलात.

परतीच्या एस.टी.त मी तुम्हाला धरलं. "सर, आम्हाला सांगता सगळं खरं लिहा. मग तुम्ही अर्धंच का सांगता? पाणी आईने ओतलं होतं." तुम्ही म्हणालात, "बाटली कोणाच्या हातात होती?"

"तुमच्या."

"मग नमुना कोणी घेतला?"

"ही वकिली झाली!"

तुम्ही हसलात, खिडकीची काच वर केलीत आणि खुशाल झोपून गेलात. महाडपर्यंत मी एकटीच मनातल्या मनात भांडत होते. आणि मग वर्षानुवर्षं आपण हेच भांडलो. मी पुण्याहून एम.एस्सी. करून आले, तुमच्याच लॅबमध्ये शिकवायला लागले, तरी चहा आला की मी तो विषय काढायची. मला म्हणायचं असायचं, चूक ही चूक असते, ती जशी घडली तशी मांडावी. तुमचं एकच. बाटली ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. मागच्या महिन्यात तुमच्या ओटीवर बसलो होतो तेव्हाही मी काढलंच. तुम्ही थकला होता. म्हणालात, "तुझं अजून तेच का? बरं, एक सांग. आईला तू हे कधी बोललीस?" मी म्हटलं, नाही. कशी बोलणार होते? तिच्या मानपानामुळे वाडी उपाशी राहिली, असं तिला सांगू? वाडीतल्या बायकांनाही आपण एवढंच सांगितलं होतं, की तिसऱ्या धुवायला पोहरा वेगळा ठेवा. कारण सांगितलंच नव्हतं. तुम्ही मान हलवलीत. "मग भांडण कशाबद्दल आहे आपलं?" उत्तर मी पुढच्या खेपेसाठी ठेवून दिलं.

पुढची खेप झालीच नाही. मी परीक्षेच्या ड्युटीवर चिपळूणला. निरोप मिळून एस.टी. पकडून येईपर्यंत तुम्हाला नेलंसुद्धा होतं. कुवेतला ट्रंक कॉल लागला नव्हता, तुमचे भाऊ कोणीच पोचले नव्हते, पण खांदा द्यायला कॉलेजची पोरं रांग लावून होती, असं दिलीपने सांगितलं. मला तुमचा राग आला. इतकी घाई कसली?

परवा आईला घेऊन भाभींकडे गेले. घर बायकांनी भरलेलं, कोणी येतंय, कोणी जातंय, आणि आतून कोणीतरी म्हणालं की पाणी संपलं. आई उठली. न विचारता परसदारी विहिरीकडे चालायला लागली. भाभी मागून गेल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसलाय, तरी त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बसा. पाहुण्याने पाणी काढायचं नाही. मी दोर धरला की आमचे हे रोज तुमचंच हे वाक्य म्हणायचे आणि स्वतः पाणी काढायचे." आई थबकली. म्हणाली, "मी कुटली पाव्हनी?"

मग तिने गरम पाणी मागितलं. भाभींना कळेना. चुलीवरून आधण आणून दिलं. आईने पोहरा आतून बाहेरून त्या कढत पाण्याने धुतला, पालथा करून निथळू दिला, पुन्हा एकदा धुतला. तिथे कोणालाच त्यात काही वाटलं नाही. मी मात्र दाराची चौकट धरून उभी राहिले. सर, तिला ठाऊक होतं. पाणी तिनेच तर ओतलं होतं. तुम्ही बाजारात उभे राहून 'चूक माझी' म्हणालात त्याच दिवसापासून तिला सगळं ठाऊक होतं. आणि इतकी वर्षं आपण दोघं चहा पीत हे झाकत बसलो, तिला कळू नये म्हणून.

तिने दोर सोडला, पोहरा भरून वर ओढला, काठावर टेकवला. त्या पाण्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "घ्या सर. आता घ्या नमुना."